तीन जिवांचं ताट

जुळं आहे म्हटल्यावर आमच्याकडे सगळ्यांत आधी स्वयंपाकघर कामाला लागलं. लेक सासरी नंदनवनात, आम्ही प्रतापनगरात. म्हणजे मधे अर्धं नागपूर. तरी इकडून माझा डबा जायचा आणि तिकडे विहीणबाईंचं वेगळं चाललेलं असायचं. दोन जिवांची बाई चार घास जास्त खाते, ही तर तीन जिवांची, असं म्हणत सुकामेवा आला, साजूक तूप आलं, खोबऱ्याच्या वड्या आल्या. मृग बहाराची संत्री संपत आली होती, तर शेवटची गोड म्हणून पिशव्या भरून येत होती. मग सव्विसाव्या आठवड्यात शुगर निघाली. त्याच माणसांनी, त्याच मायेनं, एका दिवसात तिच्या ताटातलं निम्मं काढून घेतलं. भात बंद. पोळी एकच. संत्र्यांची पिशवी शेजारी गेली. रात्री नुसतं सूप. आमच्या मोठ्या वन्सं पुण्याला असतात, त्यांचा फोन आला की दुधातही साखर असते, तेही बंद करा.

माया दोन्ही वेळी खरी होती, याबद्दल मला शंका नाही. पण पोटात दोन बाळं वाढत असलेल्या बाईचं ताट असं निम्मं होणं मला भयंकर वाटतं, आणि ते घरोघरी होतं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे, आणि पन्नाशी ओलांडल्यावर मला स्वतःला मधुमेह झाला. या दोन्ही गोष्टींमुळे असेल, त्या काही महिन्यांत जे वाचलं, डॉक्टरांना विचारून घेतलं आणि डोळ्यांनी पाहिलं, ते लिहून ठेवावंसं वाटतंय. ज्यांच्या घरी अशी लेक किंवा सून आहे त्यांनी निदान एवढं वाचावं.

चाचणी तशी साधी. तीनशे मिली पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा वर आला की गरोदरपणातला मधुमेह. यासाठी उपाशीपोटी जावं लागत नाही, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत आपल्याकडे रुजवली. लांबच्या गावाहून एसटीनं आलेल्या बाईला ‘उद्या उपाशी या’ म्हटलं तर ती परत येत नाही, हे आपल्या देशात काम करणाऱ्यालाच कळणार. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत हीच चाचणी प्रत्येक गरोदर बाईसाठी सांगितली आहे, २०१८ च्या सुधारित सूचनांतही तीच आहे: पहिल्या भेटीत एकदा, आणि ती ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. शेषय्यांचा जन्मदिवस १० मार्च, आणि तो दिवस आता देशभर या आजाराच्या जागृतीसाठी पाळतात.

लेकीची पहिली चाचणी ठीक होती. दुसऱ्या वेळी १६८ आली.

धंतोलीतल्या दवाखान्यातून बाहेर पडताना ती पहिलं वाक्य बोलली ते असं, “आई, मी असं काय खाल्लं गं?” तेव्हापासून हा प्रश्न तिला इतरांनी इतक्या वेळा विचारला की शेवटी मला राग यायला लागला. बर्फी खाल्ली का, कोल्ड्रिंक प्यायलीस का, रात्री जागत होतीस का. जणू तिनंच कुठेतरी चोरून काही केलं होतं.

खरी गोष्ट वारेत, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटात आहे. गरोदरपणात वार नुसती बाळाला पोसत नाही, ती संप्रेरकं तयार करते. त्यातलं ह्यूमन प्लासेंटल लॅक्टोजेन आणि त्याच्या सोबतची इतर संप्रेरकं आईच्या पेशींना इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देऊ देत नाहीत. म्हणजे जेवणानंतर आईच्या रक्तात साखर जरा जास्त वेळ राहते आणि बाळाकडे जात राहते. यात बिघाड काहीच नाही. बाळ पोसण्याची ही रीतच आहे. आईचं स्वादुपिंड त्याच्या जोडीनं इन्सुलिन वाढवतं, गरोदरपणाच्या शेवटाला नेहमीच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त. ज्या बाईच्या स्वादुपिंडाला तेवढी मजल मारता येत नाही तिची शुगर वाढते. आपल्याकडे साधारण दहातल्या एकीची वाढते. घरात मधुमेह असेल, वय तिशीच्या पुढे असेल तर शक्यता आणखी जास्त, आणि लेकीच्या बाबतीत दोन्ही होतं. त्यात जुळं. दोन बाळं म्हणजे वारेचा एकूण पसारा मोठा आणि संप्रेरकांचं ओझंही मोठं. तिच्या पोटात तर दोन बाळांच्या दोन स्वतंत्र वारा होत्या. बर्फी तिनं खाल्ली होती, हो. पण बर्फी न खाणाऱ्या बायकांनाही हे होतं आणि डबाभर खाणाऱ्या कित्येकींना होत नाही. घरात सगळ्यांना एकत्र बसवून मी हे सांगितलं, विहीणबाईंना वारेचं चित्र काढून दाखवलं. त्यानंतर ‘काय खाल्लं’ हा प्रश्न निदान त्या घरात कमी झाला.

आता ताटाकडे येते.

एकाच बाळाच्या गरोदरपणात शुगर वाढली तर डॉक्टरांना मुख्य धास्ती असते ती बाळ फार मोठं होण्याची. पन्नासच्या दशकात पेडरसन या डॅनिश डॉक्टरांनी याचं कारण मांडलं आणि ते आजही टिकून आहे: आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. त्यामुळे बाळाचं इवलं स्वादुपिंड स्वतःच जास्तीचं इन्सुलिन तयार करायला लागतं, आणि इन्सुलिन हे वाढीचंही संप्रेरक असल्यामुळे बाळ चार किलोच्या घरात जातं. प्रसूतीत खांदा अडकतो, सिझर करावं लागतं. शुगर काटेकोर आवरा, या सगळ्या आग्रहामागे हे चित्र आहे.

जुळ्यांत चित्र बदलतं. एका पोटात दोघांना जागा आणि अन्न वाटून घ्यायचं असतं. चार किलोचं जुळं मी तरी ऐकलेलं नाही. तिथे भीती उलट बाजूची असते, की एखादं किंवा दोन्ही बाळं वजनात मागे पडतील आणि वेळेआधी येतील. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. आणि ज्या आकड्यांवर आपण चालतो, ते आले कुठून? जगभर ज्याचा आधार घेतला जातो तो हापो नावाचा अभ्यास, आईच्या साखरेचा बाळावर काय परिणाम होतो हे पाहणारा, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ देशांतल्या सुमारे २५ हजार गरोदर बायका त्यात होत्या. जुळं-तिळं असलेल्या बायकांना त्यातून आधीच वगळलं होतं, आणि नऊ देशांत भारत नव्हता. मी हे वाचलं त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही. उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली, ही जी लक्ष्यं लेकीच्या फाईलवर लिहिली होती ती मुळात एकट्या बाळाच्या आयांकडून आलेली. जुळ्यांच्या आयांवर त्यानंतर अभ्यास झाले आहेत. काहींमध्ये दिसलं आहे की सौम्य मधुमेह असलेल्या जुळ्यांच्या आईची शुगर फार आवळून धरली तर लहान वजनाच्या बाळांचं प्रमाण वाढतं.

याचा अर्थ शुगर सोडून द्यायची असा कोणी काढू नये. जुळ्यांतही वाढलेली शुगर त्रास देतेच. मुळात जुळ्यांच्या आईला रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त, शुगर त्यात भर घालते. लेकीला त्यासाठी बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन दिली होती आणि दर भेटीला बीपी आणि लघवीतलं प्रोटीन पाहत. जन्मल्यावर बाळांची साखर उतरणं, श्वास जोरात चालणं, कावीळ, एनआयसीयूत म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात राहावं लागणं, हे सगळं वाढतं. शुगर आवरायलाच हवी. प्रश्न एवढाच की कशानं आवरायची, आणि ‘उपासानं’ हे त्याचं उत्तर नव्हे. गरोदर बाईला दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं लागतात, शुगर असली तरी. वजनाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या २००९ च्या शिफारशी सांगतात की बेताच्या बांध्याच्या बाईचं एका बाळासाठी साडेअकरा ते सोळा किलो वाढावं, जुळ्यांसाठी साधारण सतरा ते साडेचोवीस. आपल्या बायका तिथवर क्वचित पोचतात. पण सूप पिऊन झोपलेली बाई त्या दिशेला जाणारच नाही, हे सांगायला शिफारस कशाला लागते?

दवाखान्यात बाकावर काटोलकडची एक मुलगी भेटायची, लेकीपेक्षा लहान, तिचंही जुळंच. शुगर निघाल्यापासून तिनं रात्रीचं जेवण सोडलं होतं. मला म्हणाली, “शुगर वाढन ना काकू, म्हनून रातीले जेवतच नाही मी. सकाऊन उपाशीपोटी किती छान येते मंग, अठ्ठ्याहत्तर.” तिला त्या अठ्ठ्याहत्तरचा केवढा अभिमान वाटत होता. नवरा वहीत आकडे लिहून आणायचा, लाल पेनानं गोल करून. त्या दिवशी तिच्या लघवीत कीटोन निघाले. बाहेरून साखर मिळाली नाही की शरीर चरबी जाळतं आणि कीटोन तयार होतात. गरोदर बाईत हे इतरांपेक्षा लवकर होतं, आणि दोन बाळं ओढणारी असली की आणखी लवकर. बाळांचं वजनही मागे होतं. डॉक्टरबाई तिच्याशी फार प्रेमानं बोलल्या, पण आधी नवऱ्याला आणि सासूला आत बोलावून घेतलं. मला ते योग्य वाटलं, कारण ताट त्यांच्या हातात होतं. वहीतला आकडा छान आणि बाई उपाशी, असं होऊ शकतं हे त्या घरात कोणी सांगितलंच नव्हतं.

लेकीचं जेवण आहारतज्ज्ञ बाईंनी लावून दिलं, आणि मला आनंद याचा झाला की त्यात परकं काही नव्हतं. दिवसाचे सहा भाग: तीन जेवणं, तीन मधली खाणी. ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, पालेभाजी, दही. भात होता, मोजून, आणि नेहमी वरणाबरोबर. पाटवडी चालली, कारण बेसनात प्रथिनं आहेत; तेल मात्र बेतानं. मुगाची धिरडी, भिजवलेले हरभरे, उकडलेली अंडी. आणि झोपण्यापूर्वी काहीतरी हवंच, कपभर दूध आणि मूठभर शेंगदाणे किंवा अर्धी भाकरी, म्हणजे रात्रीचा उपास लांबत नाही. दूध बंद करा म्हणणाऱ्या वन्संना मी हे मुद्दाम फोन करून सांगितलं.

सकाळचा नाश्ता सगळ्यांत कठीण गेला. पहाटे शरीरातली इतर संप्रेरकं वर असतात, त्यामुळे तेच खाणं संध्याकाळपेक्षा सकाळी जास्त शुगर चढवतं. आणि आमच्या गावचा नाश्ता म्हणजे पोहे! जावईबापूंचा रविवार तर्री-पोह्याशिवाय उगवत नाही. नुसते पोहे खाल्ल्यावर लेकीची शुगर दीडशेच्या पुढे गेली. मग पोहे निम्मे केले, त्यावर चणे भरपूर आणि तर्री बेतानं, सोबत एक अंडं. त्या दिवशी आकडा तीसेक अंकांनी खाली होता. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू पाहिलं. असं मोजून, बघून, आपल्याच ताटात फिरवाफिरव करत गेलं की बाईच्या हातात काहीतरी राहतं. मे महिन्यात आंबे आले तेव्हाही आम्ही तेच केलं. रस नाही, पण जेवणाबरोबर दोन फोडी, आणि दोन तासांनी मोजायचं. विहीणबाईंनी त्या वर्षी घरात रस केलाच नाही. सून बघत बसेल आणि आपण वाट्या रिचवायच्या हे मला जमणार नाही, म्हणाल्या. त्या एका वाक्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहीन.

दोन आठवडे खाणं सांभाळूनही नाश्त्यानंतरची शुगर १२० च्या खाली राहीना, तेव्हा इन्सुलिन सुरू झालं. घरात पुन्हा रडारड. इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, हा समज आपल्याकडे किती खोल आहे. खरं तर गरोदरपणात ते सगळ्यांत निर्धास्त औषध आहे, कारण ते वार ओलांडून बाळांकडे जात नाही. आणि मला त्याचा दुसरा मोठा फायदा दिसला: इन्सुलिन आलं तशी ताटातली भाकरी परत आली. जिला खाऊ घालायचं आहे तिच्यासाठी हे औषध उपासापेक्षा कितीतरी दयाळू आहे. पुढे दर आठवड्या-पंधरवड्याला मात्रा वाढत गेली. तेही अपेक्षितच, कारण वारा वाढत होत्या. मात्रा वाढली म्हणजे आजार हाताबाहेर गेला असं नसतं.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल मात्र कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. पारा पंचेचाळीसवर, खसचा कूलर दिवसरात्र सुरू, तरी खोली पस्तिसाच्या खाली येत नाही. इन्सुलिनची चालू कुपी थंड हवेच्या गावी टेबलावर राहील, इथे राहत नाही. ती फ्रिजच्या दारात ठेवायची, बर्फाच्या खणात कधीच नाही, कारण गोठलं तर वाया गेलं. लाइट जाऊन बराच वेळ झाला तर प्लास्टिकच्या डबीत घालून पाण्याच्या माठाच्या बाजूला, ओल्या फडक्यात. शुगर मोजायच्या पट्ट्यासुद्धा गाडीत तापू द्यायच्या नाहीत, आकडे चुकतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला म्हणतात, पण मेच्या दुपारी सात महिन्यांची जुळ्यांची बाई कुठे चालणार? हॉल ते मागचं अंगण, अंगण ते हॉल. मी बरोबर चालायचे. माझीही शुगर त्या दोन महिन्यांत इतकी चांगली राहिली की माझे डॉक्टर चकित झाले.

तेहतिसाव्या आठवड्यात पोट कडक होऊ लागलं, कळा येऊ लागल्या. भरती केलं. बाळं लवकर येण्याची चिन्हं असली की त्यांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, बारा-बारा तासांनी चार. अपुऱ्या दिवसांच्या कित्येक बाळांचे प्राण या साध्या, स्वस्त औषधानं वाचले आहेत. पण ते आईची शुगर काही दिवस उसळवतं. लेकीची २३० वर गेली. आणि भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी खाटेशी उभं राहून विचारलंच, “काय खाल्लंस बेटा?” ती दिवसभर दवाखान्याचंच जेवत होती. सिस्टरनी तिथल्या तिथे समजावलं की हे इंजेक्शनामुळे आहे, आम्ही धरूनच चाललो होतो, म्हणून तर इन्सुलिन वाढवून दर काही तासांनी तपासतोय. जुळ्यांच्या आयांना ही इंजेक्शनं लागण्याची शक्यता बरीच असते. तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवलं तर त्या दिवसांतली आईची तडफड तरी वाचेल. तिच्या मनात कळांची भीती असते, बाळांची असते, त्यात ही लाज कशाला?

कळा थांबल्या. चालणं बंद झालं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागला, आणि तो संपल्यावर दोनचार दिवसांनी, छत्तिसाव्या आठवड्यात, सिझर झालं. मुलगी दोन किलो दोनशे, मुलगा एक किलो आठशे.

आता शुगर असलेल्या आईच्या बाळांचं नाळ कापल्यावर काय होतं ते सांगते, कारण पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात. पोटात असेपर्यंत आईकडून साखर येत असते आणि बाळाचं स्वादुपिंड त्या हिशेबानं इन्सुलिन करत असतं. नाळ कापली की साखर एका क्षणात थांबते, इन्सुलिन मात्र तसंच वाहत राहतं. पंगतीत वाढणारा अचानक निघून गेला आणि जेवणाऱ्याचा हात मात्र भराभर चालूच राहिला, असं ते. बाळाची साखर झपाट्यानं खाली येते. त्यात जुळी, वेळेआधीची, लहान वजनाची. अंगात साठा असा नसतोच. म्हणून टाचेला टोचून तासातासानं आणि पुढे प्रत्येक दुधाआधी साखर बघतात, आणि ४०-४५ च्या खाली गेली तर लगेच उपाय करतात. मुलीची ठीक राहिली. मुलाची दुसऱ्या तासाला ३६ आली. तो थरथरत होता, किंवा मला तसं वाटलं. त्याला शिरेतून ग्लुकोज लावलं, एनआयसीयूत नेलं.

एकाच पोटातली, एकाच आईच्या एकाच शुगरखाली वाढलेली ही दोघं, आणि दोघांचं इतकं वेगळं व्हावं. लहान वजन हेही साखर उतरण्याचं एक कारण असतं, हे मला माहीत होतं. तरी त्या काचेपलीकडे बघताना जीवशास्त्र काही कामी आलं नाही.

पहिल्या तासात दूध मिळणं हा यावरचा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत चांगला इलाज. सिझर झालेली, टाके पडलेली लेक कुशीवर वळून मुलीला पाजत होती आणि मुलासाठी चीक काढून वाटीत देत होती. थेंब थेंब. तो चीक वाटी-चमच्यासह वर एनआयसीयूत जायचा. मध चाटवायचा विषय एका पाहुण्यांनी काढला. विहीणबाईंनी त्यांना हाताला धरून खाली चहाला नेलं. मुलाची साखर दुसऱ्या दिवशी स्थिरावली. मग दोघांनाही कावीळ झाली, निळ्या दिव्याखाली ठेवलं, ती उतरली. पुढे मुलाला कांगारू पद्धतीनं छातीशी बांधून ठेवायचं होतं, तेव्हा आईला विश्रांती म्हणून जावईबापू शर्टाची बटणं सोडून तासन्‌तास बसायचे. त्या वॉर्डात बापाला असं बसलेलं पाहून आधी बायका हसल्या, मग दोघी-तिघींनी आपापल्या नवऱ्यांना आणून बसवलं.

आणि आई? वार पडली की बहुतेकींची शुगर एक-दोन दिवसांत खाली येते. लेकीचं इन्सुलिन त्याच दिवशी बंद झालं. सगळे म्हणाले, चला, गेला मधुमेह. फाईल कपाटात गेली.

इथे मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे. १९६४ मध्ये बोस्टनच्या ओ’सलिव्हन आणि मॅहन यांनी गरोदरपणातल्या शुगरचे पहिले आकडे ठरवले, तेव्हा त्यांनी कसोटी कोणती लावली होती ठाऊक आहे? बाळाचं वजन नव्हे. कोणत्या आयांना पुढे आयुष्यात मधुमेह होतो, ही. म्हणजे या आजाराची व्याख्याच आईच्या उद्याच्या काळजीतून जन्मली, आणि आज सगळ्यांत आधी आईच विसरली जाते. गरोदरपणात शुगर निघालेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या सातपट किंवा त्याहून जास्त असते. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची चाचणी करायची, या वेळी उपाशीपोटी, आणि ती चांगली आली तरी दर वर्षी तपासायचं. सरकारी सूचनांत हे स्पष्ट आहे. पण जुळ्यांच्या आईला सहाव्या आठवड्यात आरशात बघायला वेळ नसतो. एक झोपलं की दुसरं उठतं. तिला उपाशीपोटी दवाखान्यात जाऊन दोन तास बसा म्हणणं म्हणजे घरातल्या दोन-तीन माणसांनी हजर राहायला हवं असं म्हणणं आहे. ती माणसं उभी राहत नाहीत, म्हणून चाचणी होत नाही. आईला दोष देऊन चालणार नाही.

सुदैवानं सहा आठवड्यांनी बाळांची लसही असते. आम्ही दोन्ही एकाच दिवशी धरलं. सकाळी लवकर निघालो, जुलैचा पाऊस होता. एक बाळ माझ्याकडे, एक विहीणबाईंकडे, जावईबापू लसीच्या रांगेत, आणि लेक ग्लुकोज पिऊन बाकावर. मधे दोनदा तिनं पाजलं. दोन तासांनी रक्त दिलं आणि लगेच मी आणलेली भाकरी-भाजी खाल्ली.

आकडा १४६ आला. १४० च्या खाली असता तर ठीक, २०० असता तर मधुमेह. ही मधली जागा. लसीच्या दिवशी तपासलं नसतं तर आम्हाला पाच-सात वर्षांनी, कदाचित माझ्यासारखं पन्नाशीत, पाय जळजळायला लागल्यावर कळलं असतं. आता कळलंय तर करण्यासारखं पुष्कळ आहे. अंगावर पाजणं आईच्या शुगरलाही चांगलं, ते ती करतेच. वजन हळूहळू खाली आणायचं, चालायचं, वर्षाच्या आत पुन्हा तपासायचं. घरात ठरलंय की रविवारी सकाळी मुलं जावईबापू आणि विहीणबाईंकडे, आणि ती माझ्याबरोबर अंबाझरी तलावावर चालायला. पहिल्या दोन रविवारी ती निम्म्यातून परत फिरली, बाळं रडत असतील म्हणून. तिसऱ्या रविवारी विहीणबाईंनीच फोन करून सांगितलं, “दोघंही झोपलेत, तुम्ही पूर्ण फेरी मारूनच या.” आम्ही मारली.

काटोलच्या त्या मुलीला मी फोन केला होता. तिला दोन मुली झाल्यात, दोन्ही दोन किलोच्या आसपास. चाचणीचं विचारलं तर म्हणाली, “माही कायले आता काकू, मी तं बरी हाय.” मी तिच्या सासूला फोन द्यायला सांगितला.